दोघांनाच जायचंय, बार्बाडोसला

आमचं लग्न २०२५ च्या मे महिन्यात झालं. हनिमूनला आम्ही निघतोय २०२६ च्या फेब्रुवारीत. मधले नऊ महिने कशात गेले ते मला एकदा नीट सांगायचंय. कुणी मोठा अन्याय केलेला नाही. सगळ्या बारीकसारीक गोष्टी आहेत, पण सुपलीतल्या खड्यांसारख्या. एकेक खडा लहान असतो, दात मात्र प्रत्येकाने दुखतो.

आधी बार्बाडोस का, ते सांगते, कारण नऊ महिन्यांत हे कुणी धड ऐकून घेतलेलं नाही. माझ्या लहानपणी वेस्ट इंडीजमधली मॅच आपल्याकडे संध्याकाळी सुरू व्हायची आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपायची. २००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत जबडा मोडलेला कुंबळे डोक्याभोवती पट्टी बांधून गोलंदाजीला आला आणि त्याने लाराला बाद केलं, तेव्हा बाबांनी मला झोपेतून उठवून टीव्हीसमोर बसवलं होतं. मैदानाच्या पलीकडची गच्च हिरवी झाडं आणि तिथली भर दुपार माझ्या डोळ्यांत राहिली. आमच्या खिडकीबाहेर तेव्हा सोलापूरची रात्र होती.

मग २९ जून २०२४ ची रात्र आली. आमचा साखरपुडाही झालेला नव्हता. ट्वेन्टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपची फायनल बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमध्ये, केन्सिंग्टन ओव्हलवर होती आणि आम्ही आपापल्या घरी बसून फोनवर बोलत ती बघत होतो. शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला. ओरडून झाल्यावर माझा होणारा नवरा म्हणाला, "आपण जाऊया तिथं." आमच्या आयुष्यातलं दोघांनी मिळून ठरवलेलं ते पहिलं काम. लग्नाचा हॉल, पत्रिका, जेवणातले पदार्थ, सगळं घरच्यांनी ठरवलं आणि आम्ही आनंदाने मान डोलावली. हे एकच आमचं होतं.

पहिला खडा म्हणजे "तिकडं कशाला गं?" हा प्रश्न. तो आत्याबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, नवऱ्याच्या मित्रांनी "कशाला बे तिकडं?" असा विचारला. महाबळेश्वरला, मनालीला, केरळला जाणाऱ्याला कुणी "कशाला" विचारत नाही, "कधी" विचारतात. मी पहिल्या पाच-सहा जणांना कुंबळेपासून सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने म्हटलं, "हो, पण तिकडं कशाला?"

दुसरा खडा सहलीच्या दुकानात लागला. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी आमचं म्हणणं ऐकलं आणि मालदीवचं पत्रक पुढे सरकवलं. "मॅडम, पाणी तेच. निळंच." पाणी तेच नसतं. बार्बाडोस सगळा ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. सोलापूरहून तुळजापूरला जाताना आपण त्याच्या लांबीपेक्षा जास्त अंतर कापतो. आपल्या जिल्ह्यात असे तीसच्या वर बार्बाडोस मावतील. एवढ्याशा बेटाला दोन वेगवेगळे किनारे आहेत. पश्चिमेला शांत, पोहण्याजोगं पाणी, आणि पूर्वेला बॅथशेबाच्या बाजूला अटलांटिकच्या लाटा मोठमोठ्या खडकांवर आपटतात. जमीन प्रवाळाच्या चुनखडीची, म्हणून वाळू पांढरी. हे सगळं मी वहीत लिहून नेलं होतं. त्यांनी वही बघितली नाही. गिऱ्हाईक काय मागतंय ते न ऐकता जवळ असलेला माल पुढे करायचा, ही आपल्या बाजारातली जुनी खोड आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो.

तिसरा खडा तारखेचा. लग्नाचे मुहूर्त मेमध्ये. कॅरिबियनचा वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. हे पुस्तकातलं ज्ञान नाही. जी फायनल बघून आम्ही ठरवलं, त्याच फायनलनंतर बेरिल वादळामुळे विमानतळ बंद झाला आणि जगज्जेता संघ ट्रॉफी घेऊन बार्बाडोसमध्येच अडकून पडला. ४ जुलैला तो भारतात पोचला. त्यामुळे लग्न झाल्या झाल्या जाणं शक्य नव्हतं, हे आम्हाला मान्य होतं. पण डिसेंबर उजाडेपर्यंत आमच्या दिवसांची वाटणी होऊन गेली होती. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि जेजुरी ही देवदर्शनं आधी, कारण देवाच्या आधी समुद्राला जायचं नसतं. आखाडात नवी सून सासरी राहत नाही, म्हणून मी माहेरी. श्रावणात पहिली मंगळागौर, भाद्रपदात पहिल्या गौरी, मग दिवाळसण. डिसेंबरमध्ये नवऱ्याच्या चुलतबहिणीचं लग्न, जानेवारीत पहिली संक्रांत, काळी साडी आणि हलव्याचे दागिने.

आणि संक्रांतीच्या दिवसांत सोलापूरकर माणूस सोलापूर सोडत नाही. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वज निघतात, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. नवरा शाळेत असल्यापासून पांढरी बाराबंदी घालून त्या मिरवणुकीत चालतो. त्या दिवशी मीही गर्दीत उभी होते, मूठभर अक्षता घेऊन. त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या दिवसावरून मी बार्बाडोस ओवाळून टाकीन.

तक्रार आहे ती विचारण्याच्या पद्धतीबद्दल. "तुम्ही जाणार कधी? जाऊन या की!" असं सगळे म्हणायचे आणि तारीख सांगितली की त्याच तोंडाने त्या तारखेचं कार्य सांगायचे. फेब्रुवारीसुद्धा सुखासुखी मिळाला नाही. "मेमध्ये जा, सुट्ट्या असतात" असं सुचवणाऱ्यांना मी पंचांग उघडून दाखवलं. १७ मे २०२६ पासून अधिक ज्येष्ठ आहे. नव्या जावयाला धोंड्याचं जेवण, तेहेतीस अनारसे आणि वाण. त्या महिन्यात जावई समुद्रात पोहत असलेला माझ्या आईला चालणार नाही.

चौथा खडा नावाचा, आणि हा सगळ्यांत जास्त टोचतो. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. आपल्याकडे नाव असंच लिहितात, मधे वडिलांचं. पासपोर्टाला मात्र दोनच रकाने ठाऊक, आडनाव आणि उरलेलं सगळं. म्हणून विमानाच्या तिकिटावर माझं आणि माझ्या वडिलांचं नाव जोडून एकच लांबलचक नाव छापून आलं. ते बरोबरच आहे, पासपोर्टाशी जुळतं. पण बघणारा प्रत्येक जण ते "दुरुस्त" करायला निघतो. तिकीट काढणाऱ्या मुलाने मला न विचारता नवऱ्याचं आडनाव घातलं. का, तर "हनिमून आहे ना मॅडम". ते बदलून घ्यायला पैसे पडले. एका कार्यालयात खिडकीपलीकडून विचारणा झाली, "लग्न झालंय तर नाव जुनं कसं?" लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कायदा या देशात नाही. माझ्या सासूबाईंना हे कळतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आहे तेच लिही, चांगलं नाव आहे." त्याने तेच लिहिलं. मोडलेल्या दाण्यांतलं ते नाव अजून माझ्या फोनमध्ये आहे. घरातल्या साठीच्या बाईला जे सहज समजलं, ते खिडकीपलीकडे समजवायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या.

पाचवा खडा लंडनचा. बार्बाडोसला जायला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण भारतातून तिकडे थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचं तर विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जायचं तर बाहेर पाऊल न टाकताही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर त्याचा प्रकार वेगळा. म्हणजे ज्यांच्या घरी जायचंय ते म्हणतात "या", आणि ज्यांच्या ओसरीवर तीन तास बसायचंय ते बोटांचे ठसे मागतात. बार्बाडोस १९६६ साली ब्रिटनपासून स्वतंत्र झाला, २०२१ साली त्याने ब्रिटनच्या राणीला राष्ट्रप्रमुख मानणंही सोडलं. आम्हीही १९४७ लाच सुटलो. तरी सोलापूरहून ब्रिजटाउनला जायची वाट अजून लंडनच्या दारातूनच जाते. ठसे द्यायला आम्ही पुण्याला गेलो. दोघांना दोन वेगळ्या दिवसांच्या वेळा मिळाल्या. एकाच सहलीसाठी, एकाच घरातली दोन माणसं, एकाच रस्त्याने दोनदा अडीचशे किलोमीटर गेली आणि आली.

सामानाचंही सांगते. सोलापूरहून मुंबईला विमान असावं ही या गावाची किती वर्षांची इच्छा! त्यासाठी १५ जून २०२३ ला साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. त्यावरून गावात केवढा वाद झाला, तो आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं आणि मी ठरवलं की पहिला टप्पा त्यानेच करायचा. पण देशातल्या विमानात पंधरा किलो आणि लंडनच्या विमानात तेवीस किलो. मधले आठ किलो काढायचे कुठून, तर आईने आणि सासूबाईंनी भरलेल्या पिशव्यांतून. शेंगाची चटणी, कडक भाकरी, आणि "तिकडं थंडी वाजली तर" म्हणून एक सोलापुरी चादर. बार्बाडोसला बाराही महिने ऊब असते, हे सांगून उपयोग झाला नाही. शेवटी आम्ही रात्रीच्या रेल्वेने मुंबईला जायचं ठरवलं. ज्या विमानाची आम्ही एवढी वाट पाहिली, ते चटणीमुळे सोडावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.

"तिकडं खाणार काय?" ही काळजीही मी खोडून काढली होती. बार्बाडोसच्या राष्ट्रीय जेवणात उडता मासा असतो आणि त्याच्यासोबत कू-कू. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून, घोटून केलेला गोळा. ज्या घरात उकड आणि पिठलं होतं, त्या घरातल्या माणसाला त्यात परकं काय वाटायचं? शिवाय १८४५ पासून आपल्याकडचे मजूर उसाच्या मळ्यांवर त्रिनिदादला गेले आणि त्यांची रोटी आज कॅरिबियनमध्ये बेटोबेटी मिळते. बार्बाडोसही साखरेवरच उभा राहिला, आपल्या जिल्ह्यासारखाच. फरक एवढाच की तिथला ऊस आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तोडला. हे सगळं मी जेवणाच्या ताटावर सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे. चटणी ने."

शेवटचा खडा टॉवेलचा. हॉटेलवाल्यांनी "हनिमून सजावट" म्हणून जादा पैशांची यादी पाठवली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावलेले. ती सवलतीत हवी असेल तर लग्नाला सहा महिन्यांच्या वर झालेले नसावेत. आमचे नऊ झाले होते. माझे सासरे चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभे आहेत. आमच्या घरी टॉवेल हातात घेतला की आधी काठ बघतात, मग उलट करून फंदे बघतात, मग वजन. फोनवर हंसांचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून काठ बघितला आणि म्हणाले, "माल बरा आहे. पण याला असं पिळलं की फंदा बसतो. ओलं अंग पुसायला मग तो राहत नाही." मी हॉटेलला लिहून टाकलं की आम्हाला हंस नकोत, दोन कोरडे टॉवेल घडी घालून ठेवा. उत्तर आलं की सजावट पॅकेजातच आहे, काढता येत नाही.

एवढं सगळं लिहिताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. नऊ महिन्यांत देव, पंचांग, वादळ, लंडन, कार्यालयं, नातेवाईक आणि हॉटेल या सगळ्यांचं म्हणणं विचारात घेतलं गेलं. आम्हा दोघांना कुणी विचारलं नाही. जे विचारायला हवं होतं ते सोपं होतं. तिथे जाऊन तुम्हाला काय बघायचंय? उत्तर तयार होतं. केन्सिंग्टन ओव्हलच्या ज्या सीमारेषेवर तो झेल घेतला, तिथे जितकं जवळ जाता येईल तितकं जायचंय. आणि एक अख्खी सकाळ बॅथशेबाच्या लाटांसमोर कुणाशी काही न बोलता बसायचंय, एकमेकांशीसुद्धा.

नवराबायको एका ताटात जेवतात, उखाणे घेतात, सगळ्यांच्या पाया पडतात. हे सगळं आम्ही प्रेमाने केलं आणि पुढेही करू. त्या बदल्यात दहा दिवस मागितले तर ते जास्त नाहीत. तुमच्याही घरात या वर्षी नवी सून येईल किंवा लेक सासरी जाईल. ती दोघं कुठे जाणार आहेत ते जरूर विचारा. त्यांनी जागेचं नाव सांगितलं की "बरं" म्हणा, आणि मग तिथलं काय बघणार आहात ते त्यांच्या तोंडून ऐकून घ्या.