पहिली गुप्तहेर कादंबरी : नवशिक्यांसाठी सूचना

रेमंड चँडलरची ‘द बिग स्लीप’ (१९३९) वाचायला घेताय? अभिनंदन. बाबूराव अर्नाळकरांची पातळ पुस्तकं एका बैठकीत फस्त करून अंगात आली असेल ती मस्ती आधी उतरवा. मग पुढे चला.

१. दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा : लॉस एंजेलिसचा श्रीमंत, आजारी जनरल, त्याच्या दोन वाया गेलेल्या मुली, बेपत्ता जावई. ऑर्किडच्या काचघरात म्हातारा घोंगडी पांघरून बसलाय आणि समोर गुप्तहेर मार्लो घामाने निथळतोय. इथवर सगळं समजतं. शेफारू नका.

२. आता बाण काढा. गायगर दुर्मीळ ग्रंथांच्या दुकानाआडून अश्लील पुस्तकं भाड्याने देतो. त्याला मारतो जनरलचा ड्रायव्हर. प्रेत लपवतो गायगरचा साथीदार कॅरल (नाव फसवं आहे, हा बाप्या आहे). तो सूड म्हणून ब्लॅकमेलर ब्रोडीला गोळी घालतो आणि ब्रोडीने तर गायगरला मारलेलंच नसतं! बाण खोडा. पुन्हा काढा.

३. निम्म्यावर प्रकरण मिटतं. हुश्श करून पुस्तक मिटू नका, अजून निम्मं बाकी आहे. चँडलरने मासिकांतल्या आपल्याच जुन्या कथा मोडून, जोडून ही कादंबरी रचली. सांधा तुम्हाला लागला, त्यात तुमचा काय दोष?

४. पैशांचा हिशेब मात्र ठेवा. मार्लोचा दर रोज २५ डॉलर, वर खर्च. सबंध पुस्तकात सरळ समजणारी गोष्ट एवढीच.

५. सिनेमा पाहून उलगडा होईल, ही आशा सोडा. १९४६च्या चित्रपटाच्या पटकथेला विल्यम फॉकनरचाही हात लागला होता, तरी गुंता होता तिथेच आहे.

६. कुणी कथानक विचारलंच तर खिडकीबाहेर बघत म्हणा, “मी चँडलर भाषेसाठी वाचतो.” पुढचा प्रश्न येत नाही. विचारणाऱ्यानेही चँडलर भाषेसाठीच वाचलेला असतो.

७. राहता राहिला ड्रायव्हर. त्याची मोटार समुद्रात सापडते, आत तो मेलेला. खून की आत्महत्या? चित्रीकरणाच्या वेळी दिग्दर्शक हॉक्स आणि मार्लो झालेला नट बोगार्ट यांचाही यावरून वाद झाला. त्यांनी चँडलरला तार करून विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.

तुम्हाला कळलं, तर वहीत लिहून ठेवा. चँडलरला कळवायला उशीर झालाय, तो १९५९ साली वारला.