पुटपुटशास्त्र प्रवेशिका

डॉक्टरने उच्चारलेला आणि रेकॉर्डरने टिपलेला, पण टाइप करणाऱ्याच्या कानात शिरताना अर्थ हरवून बसलेला शब्द म्हणजे अस्पष्ट शब्द. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या धंद्यात त्याला ‘ब्लँक’ म्हणतात, कारण शेवटी त्याच्या जागी रिकामी रेघ सोडावी लागते. अमेरिकेतला डॉक्टर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात फोनवर किंवा हातातल्या यंत्रात अहवाल बोलून टाकतो. ती फाइल मुंबईत येते, इथे कोणीतरी ती ऐकून टाइप करतो आणि तिकडे उजाडायच्या आत ती परत जाते. न्यूयॉर्कचे घड्याळ मुंबईच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते, म्हणून हा व्यवहार जमतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या कामाने मुंबईत जोर धरला तेव्हा इंग्रजी बरे असलेल्या कुठल्याही पदवीधराला ते सहा महिन्यांत जमेल, असे क्लासवाले छातीठोकपणे सांगत. इंग्रजी जमते, डॉक्टर जमत नाही. प्रस्तुत पाठ त्या उरलेल्या भागापुरता आहे.

पाठाची आखणी हिंदमाता परिसरात रात्रपाळी करणाऱ्या एमटीला, म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्टला, डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. या कामाला याहून योग्य आणि याहून अयोग्य जागा मुंबईत नाही. योग्य अशासाठी, की १९२६ सालचे केईएम, १९२९ सालचे मुलांचे वाडिया रुग्णालय, १९४१ सालचे टाटा स्मारक आणि जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधली हाफकिन संस्था ही सगळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बसस्टॉपवर उभे राहिले तरी बायोप्सी, केमो, क्रिएटिनिन हे शब्द कानावर पडतात. अयोग्य अशासाठी, की कानावर इतरही पुष्कळ पडते. खाली साड्यांची आणि ड्रेस मटेरियलची दुकाने, लग्नसराईत बस्ता बांधायला आलेली आख्खी कुटुंबे, पुढे आंबेडकर मार्ग. अशा ठिकाणी बसून ओहायोतल्या माणसाच्या पित्ताशयाची हकिकत लिहून काढायची असते.

साधने थोडी लागतात. हेडफोन कान पूर्ण झाकणारा असावा. डॉरलँड किंवा स्टेडमन यांपैकी एक वैद्यकीय कोश हाताशी असावा आणि औषधांच्या नावांची यादी चालू वर्षाची असावी. टेबलाखाली पायाचे पेडल असते. त्याचा मधला भाग दाबला की फाइल चालते, डावा दाबला की मागे जाते, उजवा दाबला की पुढे. चप्पल काढून, टाच जमिनीला टेकवून बसावे. नवख्याच्या पेडलचा डावा भाग घासून गुळगुळीत झालेला असतो आणि उजव्यावर धूळ असते. पेडल पाहून कामगाराची ज्येष्ठता सांगता येते, त्यासाठी बायोडेटा मागण्याची गरज नाही.

गोंगाटाचे दोन वर्ग पडतात. पहिला तिकडचा. डॉक्टर कुरकुरीत काहीतरी खात असतो, गाडी चालवत असतो, मांडीवरच्या पोराला दटावत असतो किंवा अहवालाच्या ऐन मध्यावर त्याला जांभई येते. जांभईत येणारा शब्द नेहमी निदानच असतो. या क्षेत्रातला मूलभूत नियम असा, की उच्चाराची स्पष्टता शब्दाच्या महत्त्वाशी व्यस्त प्रमाणात असते. डॉक्टर ‘स्मिथ’ या आडनावाचे स्पेलिंग अक्षरे सुटी करून सांगतो, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’ हेही ठासून म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात अकरा अक्षरी औषधाचे नाव घशातल्या घशात गिळतो. दुसरा गोंगाट इकडचा आणि मोसमी. श्रावण संपत आला, की परळच्या कार्यशाळांतून गणपतींच्या आगमनाच्या मिरवणुका निघतात आणि हृदयाच्या ठोक्यांचे वर्णन ऐकणाऱ्याला ठोके नेमके कोणाचे, हे ठरवावे लागते. त्याआधी पाऊस. हिंदमाता बशीसारखे खोलगट. चहूबाजूंचे पाणी इथे येऊन थांबते. पालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यापासून ते पूर्वीपेक्षा लवकर ओसरते. पंपांची घरघर मात्र फाइलमधल्या डॉक्टरच्या स्वरातच येते, त्यामुळे मोठ्या पावसाच्या रात्री ब्लँक वाढतात. त्या रात्री दिवसपाळीवाला पोहोचत नाही आणि रात्रपाळीवाला निघू शकत नाही, म्हणजे कामाला माणूस मिळतो. व्यवस्थापन याला नैसर्गिक आपत्ती मानत नाही.

गोंगाट वजा केल्यावर उरलेल्या अस्पष्टतेवर पहिला उपाय शरीररचनेचा. इलियम नावाचे दोन अवयव आहेत. इंग्रजीत त्यांच्यात एका अक्षराचा फरक, कानाला शून्य फरक. एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरे कमरेचे हाड. डॉक्टर तिथे टाके घालतो आहे की स्क्रू बसवतो आहे, हे पाहिले की प्रश्न सुटतो. पेरिनियल म्हणजे दोन मांड्यांच्या मधला आणि पेरोनियल म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या अंगाचा. इथे चूक झाल्यास रुग्णाची पट्टी भलत्याच ठिकाणी बांधलेली दिसते. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास आणि डिस्फेझिया म्हणजे बोलायला त्रास. ही जोडी विशेष कुटिल आहे, कारण दोन्ही पक्षाघातानंतर होतात आणि दोन्हींसाठी रुग्णाला स्पीच थेरपिस्टकडेच पाठवतात. पुढेमागे घट्ट पदार्थ, पातळ पदार्थ, नळी यांचा उल्लेख सापडेपर्यंत टाइप करणाऱ्याने निकाल राखून ठेवावा.

एका अक्षराने माणूस बरा होतो, याचेही भान हवे. ‘अफेब्राइल’ म्हणजे ताप नसलेला. तोच शब्द तोडून ‘अ फेब्राइल पेशंट’ असा ऐकला की तापाने फणफणलेला. डॉक्टर दोन्ही सारख्याच सुरात म्हणतो. अशा वेळी अहवालात तापमापकाचा आकडा शोधावा, तो ९८.६ असेल तर अक्षर जोडून टाइप करावे.

कोशात न सापडणारे शब्द बहुधा डॉक्टरांची बोलीभाषा असतात. रुग्णावर दोन वर्षांपूर्वी ‘कॅबेज’ झाले असे ऐकू आल्यास कोबी टाइप करू नये. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या चार आद्याक्षरांचा तो लाडका उच्चार आहे. ‘लॅप कोली’ म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणे. वरळी किंवा शिवडीच्या कोळीवाड्याशी त्याचा संबंध नाही. ‘बलोनी अँप्युटेशन’ असा शब्द ऐकून अनेकांनी कोश पालथा घातला आहे. डॉक्टर ‘बिलो नी’, म्हणजे गुडघ्याखाली, एवढेच म्हणत असतो. याउलट ‘मर्मर्स, रब्ज, गॅलप्स’ ही मालिका कितीही संशयास्पद वाटली तरी खरी असते. छाती तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक अहवालात ती येते आणि चांगला एमटी ती ऐकण्याआधीच टाइप करून मोकळा होतो. धोका तिथेच असतो. शंभर वेळा ‘नो मर्मर्स’ आल्यावर एकशेएकाव्या वेळी डॉक्टर ‘नो’ म्हणत नाही.

औषधांचे प्रकरण वेगळे काढावे लागते, कारण ती नावे ठेवणाऱ्यांनी टाइप करणाऱ्याचा विचार केलेला नाही. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेलेक्सा नैराश्यावर, सेरेबिक्स फिट्सवर. लॅमिक्टल फिट्सवर आणि लॅमिसिल नखांच्या बुरशीवर. लोसेक या पित्ताच्या औषधाची लॅसिक्सशी, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाशी, इतकी गल्लत होऊ लागली की १९९० साली अमेरिकेत त्याचे नाव बदलून प्रायलोसेक करावे लागले. पुढे २००१ साली तिथल्या औषध प्रशासनाने सारख्या दिसणाऱ्या नावांतली वेगळी अक्षरे मोठ्या लिपीत छापण्याची मोहीम काढली. डोळ्यांची सोय झाली. कानाला मोठी लिपी अजून कोणी शोधलेली नाही. म्हणून नाव लागले नाही तर आजार पाहावा. अहवालात नखांचा विषय असेल आणि झटक्यांचा नसेल, तर बुरशीच्या बाजूने कौल द्यावा. एकाच रुग्णाला दोन्ही असल्यास कौल देऊ नये.

आकड्यांच्या बाबतीत थट्टेला मर्यादा आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, दिवसातून दोनदाचे ‘बीआयडी’ आणि चारदाचे ‘क्यूआयडी’ या जोड्या वाईट लाइनवर एकसारख्या ऐकू येतात. अलाबामा राज्यातल्या एका रुग्णालयाच्या २००८ सालच्या घटनेत इन्शुलिनचे ८ युनिट टाइप होताना ८० झाले. रुग्ण स्त्री दगावली. ते टंकलेखन अमेरिकी कंत्राटदारामार्फत भारतात झाले होते. २०१२ साली ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. डोस नीट ऐकू आला नसेल तर तो आजारावरून, रुग्णाच्या वयावरून किंवा मागच्या अहवालावरून काढू नये. तिथे ब्लँकच.

उच्चारांच्या प्रश्नात हिंदमाताला एक अनपेक्षित सवलत मिळते. अमेरिकी तपासनीस ज्या डॉक्टरांना ‘अवघड’ असा शेरा मारतात, त्यांच्यात बाहेरून आलेले पुष्कळ असतात आणि त्यांत भारतीय बरेच. परळला शिकून तिकडे स्थायिक झालेल्यांची परंपरा जुनी आहे. असा डॉक्टर ‘व्हेन’ आणि ‘वेन’ एकाच व्ह मध्ये बसवतो, ट आणि ड मूर्धन्य ठोकतो, आणि क्लीव्हलंडच्या तपासनिसाने सात ब्लँक सोडलेली फाइल इथला एमटी चहा पिता पिता पूर्ण करतो. केईएमच्या कँटीनपासून निघालेला उच्चार समुद्र ओलांडून पुन्हा त्याच पोस्टल पिनकोडच्या आसपास येऊन समजला जातो, या फेऱ्याचे बिल डॉलरमध्ये होते. खरी अडचण अस्सल अमेरिकनाची. तो दोन स्वरांमधला ट हलकेच ड करून टाकतो आणि शब्द एकमेकांना चिकटवतो. पहाटे तीनला उपाशी कानाने ‘व्हॉट अपिअर्स टू बी’ हे चार शब्द ऐकून पाहावेत. आतड्याच्या तपासणीत डॉक्टरला वडापाव दिसला, असे ऐकू येण्याची शक्यता दाट आहे. त्याला पॉलिप दिसलेला असतो.

एकट्याने तीनदा ऐकूनही लागले नाही, तर सामुदायिक श्रवण करावे. त्याचे नियम कडक आहेत. दुसऱ्याच्या कानाला हेडफोन लावण्याआधी आपला अंदाज सांगू नये. एकदा सांगितलेला शब्द समोरच्याला तस्साच ऐकू येतो, मग दहा जणांनी ऐकले तरी मत एकच राहते. योग्य पद्धत पुढीलप्रमाणे.

“अगं, जरा इकडे ये ना. काही सांगत नाही, नुसतं ऐक.”

“परत लाव. मागून लाव, चार सेकंद आधीपासून… ‘वॉटर मिलन’?”

“मला ‘वडाळा मेन’ वाटलं.”

“पोटाचा रिपोर्ट आहे का हार्टचा?”

“पोटाचा.”

“मग ताईंना विचार.”

ताई म्हणजे पाळीतल्या सर्वांत जुन्या प्रूफरीडर. त्या हेडफोन पूर्ण न लावता एका कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि “वॉटरमेलन स्टमक, टाक पुढे,” एवढे बोलून आपल्या फाइलकडे वळतात. हा खरोखरच आजार आहे. जठराच्या आतल्या बाजूला सुजलेल्या शिरांचे लाल पट्टे कलिंगडासारखे दिसतात, म्हणून हे नाव. यावरून दुहेरी धडा घ्यावा लागतो. हास्यास्पद ऐकू येणारे कधीकधी बरोबर असते, आणि वडाळा मेन क्वचितच बरोबर असते.

ताईंनाही लागले नाही, तर ब्लँक सोडण्याची रीत अशी. रेघ ओढून फाइलमधली वेळ मिनिट-सेकंदांत लिहावी आणि शेजारी ‘असे ऐकू येते’ या अर्थाची खूण करून जवळचा ध्वनी द्यावा. नुसती रेघ सोडणारा आळशी समजला जातो आणि खात्री नसताना शब्द ठोकणारा हुशार. तपासणीच्या दिवशी हा क्रम उलटतो. ब्लँक सोडण्याविरुद्ध एक आर्थिक मोहही काम करतो. पैसे ओळीवर मिळतात, मोकळ्या जागांसह ६५ अक्षरांची एक ओळ धरतात, आणि रेघेत अक्षरे कमी असतात. अकरा अक्षरी औषधाऐवजी रेघ ओढताना प्रामाणिकपणाची किंमत पैशांत मोजता येते. ती फारशी नसते, तरीही हात थबकतो.

अलीकडे पहिला मसुदा यंत्रच ऐकून लिहिते आणि माणूस तो सुधारतो. सलग बोललेले टाइप करणारी ड्रॅगनची आवृत्ती १९९७ साली बाजारात आली, तेव्हापासून एमटीची नोकरी पुढच्या वर्षी जाणार असल्याचे दर वर्षी सांगितले जाते. यंत्राला जांभई, कुरकुरीत खाणे, गणपतीचे आगमन यांपैकी कशाचीच अडचण नाही. ते ब्लँक सोडत नाही. न कळलेल्या जागी ते व्याकरणशुद्ध, वैद्यकीय वळणाचे, भलतेच वाक्य घालते, आणि ते इतके सुबक असते की सुधारणाऱ्याला पुन्हा पेडलवर पाय ठेवून सगळे मुळापासून ऐकावे लागते. दर मात्र सुधारण्याचा मिळतो, म्हणजे निम्म्याच्या आसपास.

ब्लँकसह फाइल परत गेली, की शास्त्राप्रमाणे डॉक्टरने ती वाचून, स्वतःचा आवाज ऐकून, रिकामी जागा भरून सही करायची असते. काही डॉक्टर तसे करतात. काहींना स्वतःचे पुटपुटणे स्वतःलाच लागत नाही. ते जागा तशीच ठेवून सही करतात. उरलेल्यांसाठी तिकडे एक तयार शिक्का मिळतो. ‘सांगितले आहे, वाचलेले नाही’ अशा अर्थाचा तो शिक्का अहवालाच्या तळाशी उमटतो आणि ब्लँक रुग्णाच्या कागदपत्रांत कायमचा दाखल होतो.