घे, घे, घे… बास!

दाभोळच्या धक्क्यावर गाडी आणलीत की तुमच्या गाडीचा ताबा तुमच्याकडे राहत नाही. तो जातो बोटीच्या फळीवर उभ्या असलेल्या एका खलाशाकडे. पायात रबरी चप्पल, गळ्यात शिट्टी. सावित्री ओलांडून वेसवीहून बागमांडल्याला जा, आगरदांड्याहून दिघीला जा, नाहीतर शास्त्रीच्या मुखाशी तवसाळहून जयगडला; खाडी बदलते, हा बदलत नाही. दाभोळ-धोपावे फेरी 2003 साली सुरू झाली. त्याआधी दापोलीकराला गुहागरला गाडी न्यायची तर खेड-चिपळूणचा वळसा पडे. तो वाचला, पण त्या बदल्यात या माणसाचं ऐकावं लागतं.

गाडी कुठल्या कंपनीची, किती लाखांची, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो फक्त रुंदी बघतो. चिऱ्याचा ट्रक मधोमध, नाहीतर बोट कलते. टेम्पो त्याच्या मागे. तुमची कोरी करकरीत गाडी उरलेल्या फटीत. गाडी रिव्हर्स घालायची असली की तमाशा रंगतो. आत कॅमेरा पीं-पीं करत असतो, बायको ‘अहो, मागे खांब!’ म्हणत असते, मागच्या सीटवरून सासरेबुवा ‘लेफ्ट, लेफ्ट’ करत असतात.

‘‘शेठ, ती पिपाणी बंद करा. माझ्या हाताकडं बघा. काप डावीकडं… फुल काप… घे, घे, घे… बास!’’ आणि बॉनेटवर दोन थापा.

नंबरप्लेट एमएच आठ असली तर त्याला नुसती मान हलवून भागतं. एमएच बारा दिसली की तो आधी शिट्टी तोंडात धरतो आणि मग देवाचं नाव घेतो. बायकांच्या हातात स्टेअरिंग असलं की मात्र खूश. ‘‘वहिनी एका दमात लावतात. का, तर सांगतो तसं करतात.’’ हे तो शेजारच्या सीटवर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतो.

ओहोटीला फळीचा उतार वाढतो. ठेंगण्या गाडीचा बंपर खालून कर्रकन घासतो आणि मालकाच्या काळजात कळ येते. ‘‘काय नाय झालं!’’ खाली वाकून न बघताच निदान. याच्या बोटीवर आजवर कुणाच्या गाडीला काही झालेलं नाही. जे काही झालं ते धक्क्यावर तरी झालं, नाहीतर आधीपासूनच होतं.

दोन गाड्यांत तो वीतभर अंतर ठेवतो. दार उघडत नाही. ‘‘बसा की आत, पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न.’’ मग मास्तरांनी कान पिरगाळावा तसा तुमचा आरसा मिटून तो पुढे जातो. आत अडकलेला मालक काचेतून वाशिष्ठीचं मुख बघायला जातो. दिसतं ते शेजारच्या टेम्पोचं टायर.

मे महिन्यात तीन गाड्यांचा काफिला येतो. दोन चढतात आणि याचा हात आडवा होतो. ‘‘अहो, ती आमचीच आहे, एकत्रच आहोत!’’ ‘‘पुढच्या फेरीला.’’ ‘‘पण डबे तिच्यात आहेत!’’ याला डब्यांचं काही नाही. अँब्युलन्स आली तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी चढलेल्या गाड्यासुद्धा तो मुकाट खाली उतरवतो, आणि आश्चर्य म्हणजे कुणी चकार शब्द काढत नाही.

परवा एका कॉलेजच्या पोरानं त्याला विचारलं, ‘‘काका, तुम्ही कुठली गाडी चालवता?’’

‘‘सायकल. लायसन कुठं हाय आपल्याकडं?’’

‘‘म्हणजे तुम्हाला गाडी येत नाही?’’

‘‘येत असती तर मी आत बसलो असतो आणि तू इथं उन्हात उभा असतास. मग लागल्या असत्या गाड्या!’’ तेवढ्यात धोपाव्याला फळी टेकली. ‘‘चला, पयला टेम्पो! ओ शेठ, तुम्ही नाय, तुम्ही थांबा… आधी हँडब्रेक काढा!’’