२१ गिअरची स्वस्ताई

सात-आठ हजारांच्या गिअरवाल्या सायकलीवर लोक उगाच टीका करतात. पुढे ३ चकत्या, मागे ७, म्हणजे २१ गिअर. मालक त्यातला एकच वापरतो. उरलेले २० शाबूत राहतात. एवढी बचत कोणती बँक करून देईल?

दोन्हीकडे सस्पेन्शन असल्याने पेडलवरचा बराचसा जोर चाकाकडे वाया न जाता स्प्रिंगमध्येच सुरक्षित राहतो. वजन १८ किलोच्या आसपास. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती रोज तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याला जिमची फी भरावी लागत नाही. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड बहुधा नसतात, आणि ते योग्यच. भाजी आणणे, पावसात कामावर जाणे असले क्षुद्र उपयोग अशा क्रीडासाधनाला शोभत नाहीत. पाठीवरची चिखलाची रेघ मात्र मोफत.

दूधवाल्याची काळी सायकल दोन कॅन लटकवून वर्षानुवर्षे चालली. दुरुस्तीवाल्याच्या पोटावर केवढा हा पाय!

तशा सायकली घरोघरी पोहोचवणाऱ्या ॲटलसने पैशांअभावी साहिबाबादच्या कारखान्यातले उत्पादन ३ जून २०२० रोजी थांबवले. तो जागतिक सायकल दिन होता.

नवी सायकल वर्षभरात जिन्याखाली भिंतीला टेकते. मालक हप्त्यावर स्कूटर घेतो. तिला स्टँड असतो.