मोत्याच्या गोचिडांचा स्वस्त आणि शास्त्रोक्त बंदोबस्त

ही मार्गदर्शिका येरमाळा आणि पंचक्रोशीतल्या तमाम कुत्रामालकांसाठी आहे. कुत्रामालक कोण, हे आधी ठरवून घ्यावं. आपल्याकडे रात्री चोरावर भुंकलं तर कुत्रं आपलं असतं, शेजाऱ्याची कोंबडी धरली तर ते गावाचं असतं, आणि औषधाचे पैसे द्यायची वेळ आली की ते सोलापूर-धुळे हायवेवरच्या कुठल्यातरी ढाब्यावरून आलेलं असतं. तिन्ही प्रसंगी ते ज्याच्या दारात झोपतं, त्याने पुढचं वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण सल्ले देऊ नयेत.

सुरुवात कानापासून करावी. मोत्याचा कान उलटा करून आतल्या घडीत बघावं. बारीक तपकिरी दाणे हलताना दिसतील. त्यातच एखादी एरंडाच्या बीएवढी, राखाडी, टम्म फुगलेली दिसेल. ती मादी. ती दोन दिवसांत आपणहून गळून पडते, हे पाहून मालकाला बरं वाटतं. तसं वाटून घेऊ नये. ती तिथून सरपटत भिंत गाठते, भेगेत शिरते, दोन-चार हजार अंडी घालते आणि मग मरते. म्हणजे मरते ती काम उरकून. त्या अंड्यांतून निघालेली पिलं कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. जन्मभरात असं चढणं-उतरणं तीनदा होतं. म्हणून कुत्र्यावर दिसतात त्या गोचिडांपेक्षा घरात न दिसणाऱ्या जास्त असतात, आणि त्या घरपट्टी भरत नाहीत.

इथे एक कौटुंबिक वाद मिटवून टाकतो. 'तुमच्या गायीमुळे आमच्या कुत्र्याला गोचीड झाली' हा आरोप बहुतेक वेळा टिकत नाही. गायीची नेहमीची गोचीड वेगळ्या जातीची, ती जन्मभर एकाच जनावरावर बसून राहते. कुत्र्याची तपकिरी गोचीड निराळी, तिला शक्यतो कुत्रंच लागतं. पिसवांचं मात्र तसं नाही. एकच पिसू कुत्रा, मांजर, उस्मानाबादी शेळीची करडं आणि तुमच्या पोटऱ्या यांच्यात भेदभाव करत नाही. करडांच्या अंगावर फार झाल्या तर रक्त कमी होऊन करडं दगावतात. शेळ्यांच्या गोठ्यात झोपणाऱ्या मोत्याचा खर्च म्हणूनच शेळ्यांच्या खात्यात टाकायला हरकत नाही. घरातून मंजुरी लवकर मिळते.

आता उपाय. गोचीड हा शब्द पारावर उच्चारला की तिथे बसलेला प्रत्येक माणूस पशुवैद्य होतो, त्यामुळे उपायांना तोटा नाही. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडावं, असं एक मत आहे. याने गोचीड मरते की नाही यावर वाद आहे, पण कुत्रं ते चाटतं, कातडी सोलून निघते, आणि घरातल्या पांढऱ्या चादरीवर झोपायला ते नेमकं त्याच दिवशी येतं. तंबाखूचं पाणी लावावं, असं दुसरं मत आहे. तंबाखूतलं निकोटिन हे चोख विष आहे, पण ते गोचिडीइतकंच कुत्र्यालाही लागू पडतं. सीताफळाच्या बियांची पूड हा बालाघाटाच्या डोंगराचा खास उपाय. बी फुकट, पूड फुकट. ती डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते, त्याचे पैसे मात्र पडतात. बिडीने चटका देऊन गोचीड काढणारे एक तज्ज्ञ प्रत्येक आळीत असतात. चटक्याने ती सुटायच्या आधी पोटातलं सगळं कुत्र्याच्या रक्तात ओकण्याची शक्यता असते. त्यापेक्षा चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ वर ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. बोटांनी चिरडू नये, चुलीत टाकून 'फट्' आवाज ऐकण्याची हौस लहान मुलांपुरती ठेवावी.

आणि गॅमॅक्सिन. 'आमच्या वडलांनी जन्मभर गॅमॅक्सिनच लावली' असं सांगणारा माणूस भेटला की मान डोलवावी आणि पुढे चालावं. ती पूड १९९७ साली देशात बंद झाली. गोठ्यातल्या गोचिडांवर हमखास मारलं जाणारं नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस, तेही २०२० च्या अखेरीस बंद झालं. तरी एखाद्या माळ्यावर अर्धी बाटली निघतेच. ती बाटली माळ्यावरून उतरवणं हा एकच गोचीड-उपाय मला या घराण्यात मान्य आहे.

एवढं झाल्यावर मालक कृषी सेवा केंद्रात जातो. तिथला संवाद साधारण असा होतो.

'भाऊ, कुत्र्याला लई गोचीड झाल्यात. काय हाय का?'

'फिप्रोनिल हाय की. मिरचीवर मारत्यात ते. पाच टक्के.'

'डॉक्टरनं लिहून दिलंय त्याच्यात बी फिप्रोनिलच हाय. पन ते दहा टक्के.'

'मग हे त्याहून हलकंच की, मामा.'

हा हिशेब ऐकायला इतका बिनतोड आहे की माणूस बाटली घेऊन घरी येतो. नाव खरंच एकच असतं. भातावर, मिरचीवर, उसावर जे फिप्रोनिल चालतं, तेच कुत्र्याच्या मानेवरच्या थेंबांत असतं, आणि त्या थेंबांत ते सुमारे दहा टक्के असतं हेही खरं. पण शेतातलं औषध पानाला चिकटावं म्हणून बनवलेलं असतं, ते पाण्यात कालवून पंपाने मारायचं असतं, आणि मिरचीचं झाड स्वतःला चाटत नाही. कुत्र्याचं औषध कातडीच्या तेलात पसरावं, केसांच्या मुळाशी साठून राहावं आणि तिथून महिनाभर हळूहळू बाहेर यावं, अशा दुसऱ्याच द्रवात विरघळवलेलं असतं. दोन्हींत बाकीचं काय काय आहे ते टक्क्यांत लिहिलेलं नसतं, आणि जे लिहिलेलं नसतं तेच कुत्र्याला भोवतं. फवारणीचं औषध माणसाचं काय करतं, ते २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशी फवारणाऱ्यांनी बघितलं आहे. मोत्यावर प्रयोग नको.

ओळख पटवायला वाचता येण्याचीही गरज नाही. शेतीच्या बाटलीवर एक तिरका चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. जनावरांच्या औषधावर कायद्याने जनावराच्या डोक्याचं चित्र छापावं लागतं आणि 'माणसांसाठी नाही' असं लिहावं लागतं. रंगीत चौकोन दिसला की बाटली शेतात, जनावराचं मुंडकं दिसलं की बाटली घरात. ज्याला एवढंही जमत नसेल त्याने गोचीड हाताने वेचाव्यात.

आता स्वस्ताईचं मर्म. जाहिरातीतलं गोरंगोमटं कुत्रं ज्या डबीवर हसत असतं, त्या डबीवर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक असतं. चष्मा लावून बारीक वाचावं. फिप्रोनिल फ्रान्सच्या रोन-पूलँक कंपनीत १९८० च्या दशकात तयार झालं, अमेरिकेतलं त्याचं पेटंट २०१० साली संपलं. आपल्याकडे तर १९७० च्या पेटंट कायद्यामुळे २००५ पर्यंत औषधाच्या पदार्थावर पेटंटच मिळत नसे. त्यामुळे तेच औषध तेवढ्याच टक्क्यांत बनवणाऱ्या देशी कंपन्यांची रांग आहे. दुकानदाराला ब्रँडचं नाव सांगू नये. 'फिप्रोनिल, कुत्र्याचं, मानेवर टाकायचं' असं सांगावं आणि गप्प उभं राहावं. तो आधी महागडी डबी पुढे करील. आपण फळीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहावं. हळूहळू खालचा खण उघडतो.

डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझ ही याहून स्वस्त मंडळी. ती पाण्यात कालवून अंगावर घालायची असतात, आणि प्रमाण लिटरला दोन-चार मिलीचं असतं, टोपणाने अंदाजे ओतायचं नसतं. अमिट्राझ जास्त झालं की कुत्रं गुंगतं, नाडी मंदावते. मधुमेह असलेल्या माणसाने ते हाताळूही नये. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध घरातल्या मांजराला कधीही लावू नये, मांजर जिवानिशी जातं. महिना किंवा तीन महिने चालणाऱ्या चघळायच्या गोळ्याही आहेत, उत्तम आहेत, पण फिट येणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरला विचारूनच द्याव्यात. त्यांची किंमत ऐकून मालकालाच फिट आली तर तो भाग या मार्गदर्शिकेत येत नाही.

सरकारनेही याचा विचार केला आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने पशुधन आरोग्य कार्यक्रमाला 'पशु औषधी' हा नवा भाग जोडला. जनावरांची जेनेरिक औषधं किसान समृद्धी केंद्रांतून आणि सहकारी संस्थांतून मिळावीत म्हणून ३,८८० कोटींच्या योजनेत ७५ कोटी ठेवले. कार्यक्रम आहे मुख्यतः लाळ्या-खुरकूत आणि तसल्या रोगांपासून गुराढोरांना वाचवण्यासाठी. मोत्या त्यात बसतो का, असं काउंटरवर कुणी विचारलं तर सांगावं की पशुगणनेत कुत्र्याचीही गणती होते. गणतीला चालतो तर औषधाला का चालू नये, हा युक्तिवाद मी फुकट देत आहे.

फिप्रोनिलच्या थेंबांची मात्रा मात्र वजनावर. दहा किलोपर्यंत ०.६७ मिली, दहा ते वीसपर्यंत १.३४, वीस ते चाळीसपर्यंत २.६८, त्यापुढे साठपर्यंत ४.०२. तेव्हा कुत्र्याला भुसार दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर न्यावं. हमाल विचारील, 'दादा, ओल बघायची का?' हसून सोडून द्यावं. मोत्या काट्यावर उभा राहणार नाही. त्याला उचलून आपण उभं राहावं, मग त्याला सोडून एकट्याने उभं राहावं आणि वजाबाकी करावी. आडत, हमाली, तोलाई यातून कापू नये. गावरान कुत्रं बहुधा बारा ते अठरा किलोंत बसतं, मालकाच्या तोंडी ते कायम पंचवीसचं असतं.

हिशेबी माणसाच्या लगेच लक्षात येईल की थेंबांच्या सगळ्यात मोठ्या नळीत तीन गावरान कुत्री बसतात, आणि मोठी नळी छोटीच्या तिप्पट किमतीची नसते. यावरून गल्लीत कुत्र्यांचा बचत गट काढण्याची कल्पना सुचते. सभासद मिळतात. अडचण दुसरीच. नळी एकदा फोडली की ठेवता येत नाही, तिन्ही कुत्री एकाच वेळी धरावी लागतात, आणि तिसरं कुत्रं पहिल्या दोघांचा तमाशा बघून थेट तेरखेड्याच्या वाटेला लागतं. हे करायचंच असेल तर दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांकडून सिरिंजने मोजून घ्यावं. फिप्रोनिलच्या स्प्रेची बाटली सोपी वाटते, पण पाव टक्क्याचा स्प्रे किलोला किमान तीन मिली लागतो. पंधरा किलोंच्या मोत्यावर शंभर मिलीतली जवळपास निम्मी बाटली संपते. दोनदा इकडून तिकडून फुसफुस करून बाटली वर्षभर पुरवणाऱ्याने गोचिडांना फक्त अत्तर लावलेलं असतं.

थेंब दोन खांद्यांच्या मधोमध, केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकायचे. केसांवर टाकलेलं औषध केसांचं भलं करतं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, याचं मोत्याला वाईट वाटणार नाही. आठ आठवड्यांखालच्या पिलाला हे थेंब नकोत. वाळेपर्यंत पोरांनी त्याच्या गळ्यात पडू नये.

मग घर. मोत्याचं गोणपाट उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात टाकावं, ट्रॉलीखालची माती खरवडून काढावी, भिंतीच्या भेगा चुन्याने बुजवाव्यात. चुन्याचं येरमाळ्याला काही सांगायला नको. चैत्री यात्रेला येडाई देवीच्या पायाशी लाखो माणसं चुनखडी वेचायला येतात. तुमच्या पडवीच्या भेगा बुजवायला मात्र त्यातलं कुणीही येणार नाही.

एवढं करूनही मोत्याने भाकरी सोडली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो गोचीडताप समजावा. तिथे ही मार्गदर्शिका बंद करून जनावरांच्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर फिरवावा किंवा दवाखाना गाठावा. गोचीडतापाचा एक प्रकार डॉक्सिसायक्लिनने हटतो. ते साधं जेनेरिक औषध माणसांच्या दुकानातही स्वस्तात मिळतं, पण चार आठवडे द्यावं लागतं आणि किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात. तापासाठी रक्त तपासायला लागणारे पैसे ऐकले की आधीचे थेंब एकदम स्वस्त वाटू लागतात.

शेवटचा मुद्दा तारखेचा. थेंब महिनाभरच चालतात, आणि महिना झाला हे कुणालाही आठवत नाही. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवणारे तो बंद करून पुन्हा झोपतात. त्यापेक्षा पौर्णिमा धरावी. साडेएकोणतीस दिवसांनी ती येतेच, आणि घरात तिचा उपास करणारं कुणीतरी असतंच. चैत्री पौर्णिमेला तेवढी सूट. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि प्रत्येक पाहुण्याचं पोर मोत्याच्या मानेवरून हात फिरवून तोच हात पुरणपोळीला लावतं. त्या महिन्याचं काम तीन दिवस आधी उरकून घ्यावं.