मामांचा बेदाणा

डिसेंबर लागला की निफाडचा पारा पेपरात येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो तापमापक राज्यभर प्रसिद्ध आहे. त्यातला पारा घसरल्याचं वाचून मुंबईकर पंखा एकने कमी करतात. असा पारा घसरला की निफाडात दोन गोष्टींना तडे जातात: द्राक्षाच्या मण्यांना आणि माणसांच्या टाचांना. पहिल्याची बातमी होते, पंचनाम्याची मागणी होते. दुसऱ्याबद्दल एखाद्या आमदाराने विधानसभेत लक्षवेधी मांडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझे मामा तिथले द्राक्ष बागायतदार. मण्याच्या सालीला ते जेवढं जपतात, तेवढं त्यांनी पोटच्या पोरांनाही जपलेलं नाही, असं पोरंच सांगतात. थंडी वाढली की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकचं पाणी सोडायचं, घडांना कागद लावायचे. मण्यावर जी पांढरट लव दिसते ना, ती मामांची खरी इस्टेट. ती धूळ नव्हे आणि फवारणीचं औषधही नव्हे. ते मण्याचं स्वतःचं मेण. आतलं पाणी आत राहावं म्हणून निसर्गाने दिलेलं. बागेत काढणीला येणाऱ्या बायांना सक्त ताकीद असते, घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मी एकदा कौतुकाने एक घड तळहातावर घेतला, तर मामा कळवळून ओरडले, "अरे, पुसलीस ना लव!"

आणि हेच मामा पहाटे बागेतून परत आले की बंबाचं वाफाळतं पाणी काढतात. हात घातला तर आपण ओरडू, असं पाणी. त्यात लाल साबण आणि नारळाचा काथ्या. अंग लालबुंद होईपर्यंत घासायचं, आणि वरून हात फिरवल्यावर कर्रकर्र आवाज आला तरच आंघोळ झाली असं धरायचं. मामी एकदा म्हणालीसुद्धा, "द्राक्षाला बोट लावू देत नाहीत, आणि स्वतःला भांडं समजून घासतात."

या आंघोळीचा शास्त्रीय अर्थ मला निफाडात नव्हे, तासगावात कळला. तिथे माझ्या मेव्हण्याची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षाचा बेदाणा करायचा म्हणजे आतलं पाणी बाहेर काढायचं, आणि त्याला आडवं येतं ते हेच मेण. म्हणून घड आधी एका पिंपात बुडवतात. पिंपात पाणी, पोटॅशियम कार्बोनेट आणि ते लोक ज्याला डिपिंग ऑइल म्हणतात ते. क्षार आणि तेल मिळून मेणाला बारीक बारीक वाटा पाडतात. मग घड जाळीवर पसरले की पाणी त्या वाटांनी निघून जातं आणि पंधरवड्यात बेदाणा तयार. नुसतेच वाळत घातले तर पुष्कळ जास्त दिवस लागतात. मेव्हणा हे समजावून सांगत होता आणि मला पिंपात मामा दिसत होते.

कारण आपल्या कातडीचीही गत तीच आहे. सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, आणि त्यांच्या मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल वगैरे स्निग्ध पदार्थ भरलेले. ही आपली लव. साबण हा क्षारच. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात. त्यावर कढत पाणी. वर हवा कोरडी. म्हणजे तासगावात ज्यासाठी पैसे मोजून पिंप भरावं लागतं, ते आपण रोज सकाळी फुकटात करतो आणि वर त्याला स्वच्छता म्हणतो.

कोरडी कातडी ओळखायला डॉक्टर लागत नाही. नडगीवर नखाने रेघ ओढा; पांढरी उमटली की समजा. शाळेत आम्ही थंडीत एकमेकांच्या पायांवर नावं लिहायचो, तीच ही चाचणी. (मास्तरांना ते लेखन दिसायचं नाही, हा तिचा फायदा.) नडगीवर तैलग्रंथी मुळातच कमी, म्हणून पहिली पांढरी फटक पडते ती तीच. मग काळी पँट उलटी केली की आतून कोंडा झडतो. आंघोळीनंतर अंग ताणल्यासारखं वाटतं, ओठ उलतात, रात्री पांघरुणात शिरल्यावर खाज सुटते. मामांच्या बाबतीत मात्र निदान मामीने केलं. तिच्या नव्या ब्लँकेटचे धागे पायथ्याशी निघालेले दिसायला लागले. चोर उंदीर असेल म्हणून तिने पिंजरा लावला. शेवटी एका रात्री टाच धाग्यात अडकून मामाच "आई गं" करून उठले.

तरी मामांना हे काही आजारबिजार वाटेना. "शेतकऱ्याच्या टाचा अशाच असतात," एवढ्यावर विषय मिटायचा. तो पुन्हा उघडला कुठल्याशा योजनेच्या ई-केवायसीने. यंत्र मामांचा अंगठा घेईना. डावा नाही, उजवा नाही, एकेक करत सगळी बोटं झाली. पन्नास वर्षं द्राक्षं पिकवणाऱ्या माणसाला यंत्र सांगत होतं, तुम्ही ते नव्हेच. संगणकावरचा पोरगा अनुभवी होता. म्हणाला, "बाबा, अंगठा कपाळावर घासा." मामांनी घासला आणि लगेच मामांचे मामा झाले. यात जादू काही नाही. तळहात, तळपाय आणि बोटांच्या टोकांना तैलग्रंथी नसतातच. कपाळावर त्या दाटीवाटीने असतात. कोरड्या बोटाचे ठसे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, ते थोड्या उसन्या तेलाने वाचता येतात. टाच फुटते त्यालाही हेच एक कारण. तिला स्वतःचं तेल नाही, कातडी जाड, आणि वर सगळ्या अंगाचा भार. बिचारी पसरते आणि चिरते.

सरकारने ओळख नाकारली हे मात्र मामांना लागलं. ते माझ्याबरोबर नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे आले. बाईंनी पहिला प्रश्न साबणाचा विचारला, दुसरा बंबाचा. मग सांगितलं ते असं. पाणी कोमट. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची. साबण काखा, जांघा आणि मळलेल्या पायांपुरता. पाठीने काय गुन्हा केलाय? टॉवेलने अंग टिपायचं, पुसायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, जे लावायचं ते लावायचं. इथे बहुतेक लोक चुकतात. व्हॅसलिन, खोबरेल, कोकणातलं कोकमाचं मुठेल हे प्रामुख्याने पाणी अडवणारे; स्वतः पाणी देत नाहीत. वाळून खडखडीत झालेल्या अंगावर ते चोपडलं, तर अडवणार काय?

"आणि टाचांना रात्री युरिया लावा," बाई म्हणाल्या.

मामांचा चेहरा प्रथमच उजळला. "किती? एका पायाला मूठभर पुरे?"

बाईंना हा प्रश्न नवा नसावा. त्यांनी शांतपणे ट्यूब दाखवली. युरिया हा आपल्या कातडीत मुळातच असतो, पाणी धरून ठेवतो, आणि मलमात जास्त प्रमाणात घातला की जाड कातडी मऊ करतो. तो मलमातला, गोणीतला नव्हे, हे बाईंनी दोनदा सांगितलं. मामांनी किंमत वाचली आणि पंचेचाळीस किलोच्या गोणीशी मनातल्या मनात हिशेब मांडला. परतीच्या वाटेवर ते पिंपळगावपर्यंत गप्प होते.

मलम लावून वर सुती मोजे घालून ते आता झोपतात. मोजे मामीने घालायला लावले, ब्लँकेटच्या काळजीपोटी. बंबाला मात्र त्यांनी सोडचिठ्ठी दिलेली नाही. तेवढ्यापुरते ते बेदाणाच राहणार.

एक गोष्ट मात्र गमतीची नव्हती. मामांना साखर आहे. बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून नायलॉनचा धागा तळव्याला जागोजागी टेकवला, आणि "लागलं की सांगा" म्हणाल्या. दोन ठिकाणी मामा काहीच बोलले नाहीत. मधुमेहात पायाची जाणीव अशी हळूहळू जाते; मग भेग खोल गेली, चिघळली, तरी कळत नाही. थायरॉइड मंदावला किंवा मूत्रपिंडं बिघडली तरी कातडी कोरडी पडते, आणि म्हातारपणी अचानक सर्वांगाला सुटलेली खाज थंडीच्या नावावर खपवू नये, असंही बाई म्हणाल्या. तेव्हा घरात साखरेचं माणूस असेल, तर रोज रात्री बॅटरी लावून त्यांचे तळवे बघा. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, तर वितळलेली मेणबत्ती, ब्लेड आणि शेजाऱ्यांचे उपाय बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा. युरियाची गोणी बागेतच राहू द्या.