ओट्याचा दगड

दिवाळीआधी आम्ही स्वयंपाकघराचा ओटा बदलला. दुकानदाराने एका काळ्या कुळकुळीत दगडावर ओला हात फिरवून दाखवला. "साउथचा ग्रॅनाइट आहे साहेब, आयुष्यभर बघायला नको." चौरस फुटाचा भाव ऐकून आयुष्य किती उरलंय याचा मनात हिशेब केला आणि हो म्हणालो. ओट्यावर जागा हवी म्हणून आजीचा पाटा-वरवंटा खाली वॉचमनला दिला.

मग भाची आली. ती भूशास्त्र शिकते. अशी मुलं घरी येणार असली की ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून ठेवावं. पोहे होईपर्यंत तिने सॅकमधून भिंग काढलं, ओट्याच्या पॉलिश न केलेल्या कडेला डोळा लावला आणि म्हणाली, "मामा, हा ग्रॅनाइट नाही."

ग्रॅनाइटच्या फिकट खनिजांत क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, निदान 20 टक्के लागते. इथे औषधालाही नाही. हा गॅब्रो, नाहीतर डोलेराइट. बाजारात जे कठीण आणि चकाकतं ते सगळं ग्रॅनाइटच, असं तिने पोह्यांवर लिंबू पिळत सांगितलं.

"मग हा आहे तरी काय?"

"बेसाल्टचाच भाऊ. फक्त सावकाश गार झालेला."

शिलारस जमिनीवर सांडला तर भराभर निवतो, कण डोळ्यांना दिसतही नाहीत; तो बेसाल्ट. तोच रस जमिनीखाली निवांत निवला तर कण मोठे होतात, आणि चौरस फुटाने विकता येतात. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा काळा प्रकार महाराष्ट्रभर थरावर थर सांडला, त्यातून सह्याद्री उभा राहिला आणि आजीचा पाटाही निघाला. म्हणजे मी घरचा दगड फुकट देऊन त्याचा चुलतभाऊ रोख पैसे मोजून आणला.

"लिंबाला तरी टिकेल ना? ग्रॅनाइटला आम्लधर्मी म्हणतात म्हणे." तर त्याचा लिंबाशी संबंधच नाही. खडकातली सिलिका सिलिसिक आम्लातून येते असा एकोणिसाव्या शतकात समज होता. समज गेला, नाव तेवढं राहिलं.

बिल घेऊन दुकानात गेलो. दुकानदार अजिबात चिडला नाही. "गॅब्रो? लिहून देतो की. पण नाव इटालियन वाटतंय, भाव वाढेल."

भाचीला फोन केला. गॅब्रो हे इटलीतल्या टस्कनीमधल्या एका गावाचं नाव. त्याचं तेवढं बरोबर निघालं.